गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली

मार्च १९४५ मध्ये युरोपातले युद्ध अजून चालूच होते. पॅरिस जर्मनांच्या तावडीतून सुटून सात महिने झाले होते. पण शेगडीला कोळसा नव्हता, वीज कधी जाईल याचा नेम नव्हता आणि खाण्यापिण्याचीही टंचाई होती. अशा शहरात २८ मार्चला लुव्र राजवाड्यातल्या सजावटकलेच्या संग्रहालयात बाहुल्यांचे प्रदर्शन भरले. ते पाहायला जवळजवळ एक लाख माणसे लोटली.

बाहुल्या सव्वादोन फूट उंचीच्या, म्हणजे बाईच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या. अंग नुसत्या तारेचे, डोके तेवढे प्लास्टरचे. हातापायांची तार तर उघडीच होती. अंगावर मात्र पॅरिसमधल्या नामांकित फॅशन-पेढ्यांनी शिवलेले त्या हंगामाचे कपडे होते, आणि ते खेळण्यातले म्हणून कसेबसे उरकलेले नव्हते. काज खरे, बटणे लागणारी, अस्तर आतून सफाईने टीप घातलेले. पायांत इवलाले चामड्याचे बूट, हातात पर्स, डोक्यावर बेतून केलेल्या टोप्या. मागचे देखावे ज्याँ कॉक्तो आणि क्रिस्तियाँ बेरार यांच्यासारख्या कलावंतांनी रंगवलेले. मोठ्या मापाचे कपडे करायला कापड नव्हते, म्हणून पॅरिसने आपली कारागिरी बाहुल्यांच्या अंगावर मांडली होती.

प्रदर्शनाचे उत्पन्न युद्धपीडितांच्या मदतीला गेले. पण पॅरिसच्या शिवणधंद्याला जगाला दुसरेही काही सांगायचे होते. हा धंदा उचलून बर्लिन आणि व्हिएन्नाला हलवायचा जर्मनांचा बेत होता. धंद्याच्या संघटनेचे अध्यक्ष ल्युसियाँ लेलाँ यांनी वाटाघाटी करून तो कसाबसा टाळला होता. शिवाय चार वर्षे पॅरिसशी संबंध तुटल्यामुळे न्यूयॉर्कचे व्यापारी पॅरिसवाचून धंदा करायला शिकले होते. गिऱ्हाईक हातचे जाण्याची ही भीती खरी होती. म्हणून त्या बाहुल्या लंडन, स्टॉकहोम, व्हिएन्ना अशा फिरत फिरत १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आणि मग सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. दौरा संपल्यावर त्या परत आल्या नाहीत. आज त्या अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठच्या मेरीहिल संग्रहालयात आहेत.

युद्धाच्या काळात बाईच्या झग्याची लांबी फॅशनवाल्यांनी नव्हे, सरकारने ठरवली होती, हे पुढचे कळण्यासाठी आधी लक्षात घ्यायला हवे. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. बातमी फुटली तर दुकानांवर झुंबड उडेल, म्हणून सगळे इतके गुपचूप झाले की कपड्यांची वेगळी कुपनेही लोकांच्या हाती नव्हती; सुरुवातीला शिधापुस्तकातली मार्गारिनची शिल्लक कुपने वापरायला सांगितले गेले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली. लोकरी झग्याला ११, अस्तराच्या लांब कोटाला १४, बायकांच्या बुटांना ५ आणि मोज्यांच्या जोडीला २. पैसे वेगळेच मोजायचे. त्यानंतर कुपनांची संख्या घटत गेली आणि हे रेशनिंग युद्ध संपल्यावरही मार्च १९४९ पर्यंत चालले.

कुपनांच्या जोडीला कापड वाचवण्याचे नियम आले. झग्याला किती चुण्या, कोटाला किती बटणे, शिवणीत किती कापड दाबायचे, बुटाची टाच किती उंच, हे सगळे कागदावर ठरले. पुरुषांच्या पॅन्टची खालची दुमडसुद्धा गेली. अमेरिकेत युद्ध-उत्पादन मंडळाने १९४२ मध्ये ‘एल-८५’ नावाचा हुकूम काढून स्कर्टची लांबी आणि घेर यांच्यावर मर्यादा घातली. हे नियम आखण्यात डॅलसच्या नीमन मार्कस या बड्या दुकानाचे स्टॅन्ली मार्कस यांचा मोठा हात होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

रुंद चौकोनी खांदे, सरळ कोट, गुडघ्याशी थांबणारा अरुंद स्कर्ट असा जो युद्धकाळातला बाईचा आकार जुन्या छायाचित्रांत दिसतो, तो या नियमांतून घडला. रेशीम आणि नायलॉन पॅराशूटसाठी गेल्याने मोजे मिळेनासे झाले, तेव्हा बायका पायांना तपकिरी रंग फासून पोटरीवर भुवईच्या पेन्सिलने मोज्याच्या शिवणीची रेघ ओढत. युद्ध संपल्यावर पिट्सबर्गमध्ये नायलॉनचे १३,००० जोड विकायला आले, तेव्हा ते घ्यायला सुमारे ४०,००० माणसे रांगेत उभी राहिली.

या पार्श्वभूमीवर १२ फेब्रुवारी १९४७ चा दिवस उजाडला. पॅरिसमध्ये कडाक्याची थंडी होती. ३०, अव्हेन्यू मोंतेन या पत्त्यावर क्रिस्तियाँ दिओर नावाच्या बेचाळिशीच्या, काहीशा बुजऱ्या गृहस्थाने स्वतःच्या नावाच्या पेढीचा पहिला संग्रह दाखवला. त्याआधी तो लेलाँच्या पेढीत पगारी नोकर होता. पैसा लावला होता मार्सेल बुसाक या कापडगिरणीवाल्या धनाढ्याने. ज्याच्या गिरण्यांतून कापड निघते त्याला झग्याला जास्त कापड लागलेले हवेच असणार. दिओरच्या कल्पनेतला झगा आणि बुसाकचा व्यवहार या गोष्टी एकमेकींना पूरक होत्या.

मॉडेल चालू लागल्या तेव्हा वळताना त्यांच्या स्कर्टच्या घेराने शेजारच्या राखदाण्या उलटल्याचे सांगतात. खांदे उतरते आणि मऊ, कंबर चिमटीत धरावी इतकी बारीक, नितंब भरलेले, आणि स्कर्ट थेट पोटरीपर्यंत लांब. अमेरिकेतल्या ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लूक’ म्हटले आणि तेच नाव चिकटले.

त्या संग्रहातला ‘बार’ नावाचा पोशाख आजही संग्रहालयांत दाखवला जातो. जाकीट मोतिया रंगाच्या रेशमी शांटुंगचे, स्कर्ट काळ्या लोकरीचा, भरगच्च चुण्यांचा. जाकिटाची जादू आतून आहे. कमरेखाली कापडाच्या थरांची भर घालून नितंबाचा गोलावा उभा केला आहे. तो आकार घालणाऱ्या बाईचा नव्हे, जाकिटाचा आहे. ते खुंटीला टांगले तरी तसेच फुगीर राहते. दिओरच्या समारंभी झग्यांत तर आत काड्या घातलेली चोळी, त्यावर जाळीचे थर, त्यावर अस्तर आणि मग वरचे कापड असा एकात एक बसवलेला सगळा सांगाडा असे. हे अंगावर चढवायला दुसऱ्या बाईची मदत लागे. युद्धात कारखान्यात यंत्रे चालवलेल्या, रुग्णवाहिका हाकलेल्या बायकांना आता पुन्हा कंबर आवळून बसवले जात होते. न्यू लूक कितीही सुंदर असला, आणि तो सुंदर होताच, तरी ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

बायकांच्याही ती नजरेआड झाली नाही. पॅरिसच्या मोंमार्त्र भागात रू लेपिकच्या बाजारात दिओरचे कपडे घालून छायाचित्रे काढायला गेलेल्या मॉडेलवर भाजीवाल्या बाया धावून गेल्या आणि त्यांनी तिचा झगा फाडला. ज्यांच्या मुलांना पुरेसे दूध मिळत नव्हते त्यांच्यासमोर एका स्कर्टला वारच्या वार कापड उधळले जात होते. ब्रिटनमध्ये अर्थकारण सांभाळणारे मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी स्कर्ट आखूडच ठेवा, असे कपडेवाल्यांना बजावले. तेच क्रिप्स, ज्यांची १९४२ सालची योजना घेऊनची दिल्लीवारी आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहे. संसदेतल्या बेसी ब्रॅडॉक यांच्यासारख्या मजूर पक्षाच्या स्त्री-सदस्यांनीही लांब स्कर्टवर तोफ डागली. अमेरिकेत डॅलसच्या एका तरुणीने ‘गुडघ्याच्या जरा खाली’ अशा अर्थाच्या नावाचा क्लब काढला आणि बघता बघता त्याचे लोण इतर राज्यांत पोचले. १९४७ च्या शरद ऋतूत दिओर अमेरिकेत गेला, तेव्हा शिकागोत त्याच्या स्वागताला निषेधाच्या पाट्या घेतलेल्या बायका उभ्या होत्या. तो मुळात आला होता नीमन मार्कसचा पुरस्कार घ्यायला. पाच वर्षांपूर्वी स्कर्टची लांबी कापणाऱ्या हुकमाचा मसुदा करणारे स्टॅन्ली मार्कस आता ती लांबी परत आणणाऱ्या माणसाचा डॅलसमध्ये गौरव करत होते.

त्या निदर्शनांकडे आज गंमत म्हणून पाहिले जाते. ते बरोबर नाही. त्या बायकांचा हिशेब सरळ होता: आपल्या कपाटातले सगळे कपडे एका सकाळीत जुने ठरवण्याचा अधिकार पॅरिसमधल्या कोणा गृहस्थाला दिला कोणी?

तरीही त्या हरल्या. १९४८ संपेपर्यंत लांब स्कर्ट सगळीकडे रुळला होता. ज्यांना नवा परवडत नव्हता त्या जुन्या स्कर्टला खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडत होत्या. हरण्याची कारणे अगदी व्यवहारातली होती. युद्धाच्या वर्षांत घरोघरीचे कपडे वापरून वापरून विरले होते; बहुतेकींना काहीतरी नवे घ्यावेच लागणार होते, आणि दुकानात जे नवे होते ते लांबच होते. शिवाय इतकी वर्षे मन मारून राहिल्यावर भरपूर घेराचा झगा अंगावर घालावासा वाटणे यात काही चूकही नव्हते. राजकन्या मार्गारेट तो घालू लागली तेव्हा मंत्र्यांच्या बजावणीला अर्थ उरला नाही. तिच्या थोरल्या बहिणीचे, एलिझाबेथचे, लग्न २० नोव्हेंबर १९४७ ला झाले. त्या पोशाखासाठी तिलाही कुपने लागली. देशभरातून बायकांनी आपापली कुपने तिला पाठवली, आणि दुसऱ्याची कुपने वापरणे कायद्यात बसत नसल्याने ती परत करावी लागली.

पुढची दहा वर्षे पॅरिसचा शब्द चालला. तो कसा चालत असे, हे पाहण्यासारखे आहे. वर्षातून दोनदा, हिवाळ्याच्या शेवटी आणि भर उन्हाळ्यात, पेढ्या आपले संग्रह दाखवत. परदेशी दुकानदारांना आत शिरायचेच भरघोस पैसे मोजावे लागत; ते पुढच्या खरेदीतून वळते होत. खरेदी म्हणजे एखादा पोशाख, किंवा त्याचा साध्या सुती कापडात बेतलेला नमुना, किंवा कागदी फर्मा, आणि त्याची नक्कल करून विकण्याचा हक्क. न्यूयॉर्कचे ओरबाख्स हे दुकान पॅरिसच्या झग्यांच्या ‘टाक्याला टाका’ नकलांसाठी प्रसिद्ध होते. त्यानंतर आणखी स्वस्त नकला निघत, मासिकांतून फर्मे येत, आणि घरी मशीनवर शिवणारी गृहिणी त्याच आकाराचा झगा छिटाच्या कापडात उतरवत असे. पॅरिसमध्ये पाचपन्नास श्रीमंत बायकांसाठी ठरलेली लांबी वर्षभरात लाखो बायकांच्या पायांवर येऊन टेकत असे.

दिओरने ही सत्ता पुरेपूर वापरली. १९५४ मध्ये ‘एच’, १९५५ च्या वसंतात ‘ए’, त्याच वर्षीच्या शरदात ‘वाय’ अशा अक्षरांच्या रेषा त्याने काढल्या. प्रत्येक वेळी कंबर आणि लांबी जराशी सरके, आणि प्रत्येक वेळी मागचे जुने ठरे. २४ ऑक्टोबर १९५७ ला तो इटलीत अचानक वारला आणि पेढीची सूत्रे २१ वर्षांच्या इव्ह सॅं लोराँकडे आली.

विरोधाचा सूर पॅरिसमध्येही होताच. क्रिस्तोबाल बालेन्सियागा हा स्पॅनिश डिझायनर कंबर आवळण्याऐवजी सोडवत गेला; १९५७ मध्ये त्याने कंबरच नसलेला, पोत्यासारखा सैल झगा आणला. पण सडेतोड उत्तर दिले कोको शनेलने. तिने १९३९ मध्ये दुकान बंद केले होते आणि युद्धकाळात एका जर्मन अधिकाऱ्याशी ठेवलेल्या संबंधांमुळे तिचे नाव बदनाम झाले होते. ती सत्तर वर्षांची असताना, ५ फेब्रुवारी १९५४ ला, तिने पुन्हा संग्रह दाखवला. फ्रेंच वर्तमानपत्रांनी नाक मुरडले. अमेरिकन बायकांनी मात्र तिचा ट्वीडचा सूट उचलून धरला. त्या जाकिटाची काखेची गोलाई वर, अंगाजवळ बेतलेली असे, त्यामुळे हात उचलला तरी जाकीट वर चढत नसे. अस्तर कापडाला धावदोऱ्याने जोडलेले. खालच्या कडेला आतून बारीक साखळी शिवलेली, तिच्या वजनाने कड सरळ पडे. खिसे खरे, हात घालता येतील असे. ती सत्तरीत हे शिवत होती कारण ती स्वतः ते घालून काम करत होती. दिओरच्या ‘बार’शेजारी हे जाकीट ठेवले की कपड्याने बाईला आकार द्यावा की मोकळीक, हा सगळा वाद डोळ्यांना दिसतो.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेतली डिझायनर क्लेअर मॅकार्डेल या मोकळिकीचे महत्त्व कधीच ओळखून होती. १९४२ मध्ये तिने ‘पॉपओव्हर’ नावाचा अंगाभोवती गुंडाळून बांधायचा सुती झगा केला. किंमत ६ डॉलर ९५ सेंट. मोठा खिसा आणि सोबत ओव्हनमधले भांडे धरायचा मोजा. घरकाम करणाऱ्या बाईने ते करता करताच दारात आलेल्या पाहुण्यांसमोर जाण्यासारखे दिसावे, हा त्यामागचा विचार. तिच्या नावाचा जितका गवगवा व्हायला हवा होता तितका पॅरिसच्या झगमगाटात झाला नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. १९५८ मध्ये ती गेली.

दरम्यान प्रयोगशाळांत वेगळीच उलथापालथ चालली होती. नायलॉन पॅराशूटमधून मोकळे होऊन पेटीकोटपर्यंत आले. १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेला धागा टेरिलीन नावाने बाजारात आला; पुढे आपल्याकडे टेरिलीनच्या सदऱ्याला आणि टेरिकॉटच्या पॅन्टला जी प्रतिष्ठा आली, तिचे मूळ हेच. या धाग्याच्या कापडाला उष्णतेने घातलेल्या चुण्या धुऊनही मोडत नसत, इस्त्रीचा ताप वाचत असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ड्यू पॉंट कंपनीने ताणला तरी पूर्ववत होणारा लायक्रा काढला. १९५९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन गिरणीने मोजे आणि चड्डी एकत्र विणून टाइट्स विकायला आणल्या. ही शेवटची वस्तू किरकोळ वाटेल. पण वेगळ्या मोज्यांना वर पट्टे आणि चिमटे लागतात, आणि ते झाकायला स्कर्ट पुरेसा लांब लागतो. टाइट्स आल्या आणि ही अट गळून पडली.

पुढचा धक्का पॅरिसने दिला नाही. लंडनच्या चेल्सी भागात किंग्ज रोडवर नोव्हेंबर १९५५ मध्ये मेरी क्वांटने, होणारा नवरा अलेक्झांडर प्लंकेट ग्रीन आणि मित्र आर्ची मॅक्नेअर यांच्या साथीने, ‘बझार’ नावाचे दुकान काढले. तिला धंद्याची ओळख नव्हती. घाऊक कापड कुठे मिळते हेही ठाऊक नसल्याने ती हॅरड्समधून किरकोळ भावाने कापड आणी, बाजारातले तयार फर्मे आपल्या मनाप्रमाणे बदलून राहत्या खोलीतच झगे बेती, आणि आजच्या विक्रीतून उद्याचे कापड घेई. गिऱ्हाईक होत्या तिच्याच वयाच्या मुली. युद्धानंतरच्या भरभराटीत या मुलींच्या हातात स्वतःच्या पगाराचे पैसे खुळखुळू लागले होते. १९५९ मध्ये मार्क अब्राम्स या संशोधकाने दाखवून दिले की ब्रिटनमधल्या कुमारवयीन मुलामुलींची खरी कमाई युद्धापूर्वीच्या दीडपट झाली होती. त्यांना आईसारखे दिसायचे नव्हते. बस पकडायला धावता येईल असा झगा त्यांना हवा होता. त्या दुकानात येत आणि आणखी आखूड करून मागत.

मिनिस्कर्ट नेमका कोणाचा यावर वाद आहे. पॅरिसमध्ये बालेन्सियागाचाच शागीर्द आंद्रे कुरेज १९६४ मध्ये पांढऱ्या बुटांवर गुडघ्याच्या वरचे स्कर्ट दाखवत होता. क्वांट स्वतः श्रेय किंग्ज रोडवरच्या मुलींना देत असे, आणि तेच पटण्यासारखे आहे. एखादी लांबी रस्त्यावर आधी आली आणि पेढ्यांनी ती मागाहून उचलली, असे इतक्या उघडपणे यापूर्वी घडलेले नव्हते.

किमतीही कोसळल्या. मे १९६४ मध्ये ‘डेली मिरर’मध्ये बार्बरा हुलानिकीच्या बीबा या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानाचा गुलाबी चौकड्यांचा झगा, जोडीला डोक्याचा रुमाल, अशी जाहिरात आली. किंमत २५ शिलिंग. मागण्या आल्या १७,०००, आणि तेवढे चौकड्यांचे कापड गोळा करताना पळापळ झाली. सरकारचीही पंचाईत झाली. ब्रिटनमध्ये मुलांच्या कपड्यांवर खरेदीकर नव्हता, आणि स्कर्ट मुलीचा की बाईचा हे लांबीवरून ठरे. मिनिस्कर्ट त्या मापात मुलीचा ठरून करातून सुटू लागला. शेवटी माप लांबीवरून छातीच्या घेरावर न्यावे लागले.

जगभर ही लांबी पोचवली ती एका अपुऱ्या कापडाने. ऑक्टोबर १९६५ मध्ये लंडनची मॉडेल जीन श्रिम्प्टन मेलबर्नच्या घोड्यांच्या शर्यतींना पाहुणी म्हणून गेली. ऑर्लॉन या आपल्या धाग्याची जाहिरात व्हावी म्हणून ड्यू पॉंटने तिला बोलावले होते आणि झग्यांचे कापडही दिले होते. ते कमी पडले. कोणाच्या लक्षात येणार आहे, असे म्हणून तिने शिवणाऱ्याला आखूडच बेतायला सांगितले. ३० ऑक्टोबरला डर्बीच्या दिवशी ती फ्लेमिंग्टनच्या मैदानात उतरली, तेव्हा पांढरा झगा गुडघ्याच्या चार इंच वर होता. उकाड्यामुळे पायांत मोजे नव्हते. हातमोजे नव्हते, टोपीही नव्हती. आजूबाजूला टोप्या-हातमोजे घातलेल्या, नटूनथटून आलेल्या बायका आणि मध्ये ही, असे ते छायाचित्र आहे. मेलबर्नमध्ये गहजब झाला. तीन दिवसांनी मेलबर्न कपच्या शर्यतीला ती टोपी, मोजे, हातमोजे असा सगळा जामानिमा करून आली, पण तोवर डर्बीचे छायाचित्र जगभर गेले होते. ज्या झग्यावरून ती बोलणी खात होती, त्याच लांबीचे झगे ऑस्ट्रेलियातल्या मुली लवकरच घालू लागल्या.

१९६६ मध्ये हे सगळे शिगेला पोचले. नीझडनची सोळा वर्षांची लेस्ली हॉर्नबी ‘ट्विगी’ नावाने त्या वर्षाचा चेहरा ठरली. क्वांटला राणीकडून किताब मिळाला आणि तो घ्यायला ती मिनी घालून राजवाड्यात गेली. अमेरिकेत स्कॉट पेपर कंपनीने सव्वा डॉलरला कागदाचा झगा विकला आणि पाच लाख खपवले. लांबी कमी करायची तर कात्री लावायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, त्याच लंडनमध्ये, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजची विद्यार्थिनी, मूळ गोव्याच्या घराण्यातली रीटा फारिया, समारंभी पोशाख म्हणून साडी नेसून विश्वसुंदरी झाली.

पॅरिसमध्ये वारे ओळखले ते सॅं लोराँने. आता तो स्वतःच्या पेढीचा मालक होता. सप्टेंबर १९६६ मध्ये त्याने सेन नदीच्या डाव्या काठावर ‘रीव्ह गोश’ हे तयार कपड्यांचे दुकान उघडले, आणि त्याच हंगामात बायकांसाठी पुरुषी धाटणीचा काळा कोट आणि पॅन्ट आणली. बायकांनी पॅन्ट घालणे नवे नव्हते. कारखान्यात, शेतात, समुद्रकाठी ती चालत असे. संध्याकाळी उंची हॉटेलात ती घालून जाणे नवे होते. न्यूयॉर्कच्या ला कोत बास्क या रेस्तराँने नॅन केम्प्नर या धनिक बाईला सॅं लोराँची पॅन्ट घातली म्हणून दारात अडवले. तिने तिथल्या तिथे पॅन्ट उतरवली आणि वरचा लांब कोटच झगा म्हणून घालून ती जेवायला बसली. मांड्या दिसणे चालत होते, पॅन्ट नव्हे! जुन्या वळणाचे पॅरिस मागे पडत चालले होते; बालेन्सियागाने १९६८ मध्ये आपली पेढी मिटवली.

आता कपडे-धंद्याला चिंता पडली. मिनीहून आखूड जायला जागा उरली नव्हती आणि बायकांची कपाटे भरलेली होती. १९४७ सालच्या धड्याची उजळणी करायची ठरली. १९७० मध्ये ‘विमेन्स वेअर डेली’ या धंद्यातल्या वजनदार वर्तमानपत्राने, जॉन फेअरचाइल्ड यांच्या पुढाकाराने, पोटरीपर्यंतच्या ‘मिडी’चा जोरदार पुरस्कार केला. कारखान्यांनी माल काढला, दुकानांनी भरला. काही बड्या दुकानांनी आपल्या विक्रेत्या मुलींनाच मिडी घालायला लावली. पुन्हा बायकांच्या संघटना निघाल्या. एकीच्या नावाचा अर्थ ‘जास्त स्कर्ट नको म्हणणाऱ्या मुली’, दुसरीचा ‘हुकूमशहा डिझायनरांविरुद्ध लढा’. पुन्हा पाट्या निघाल्या, पुन्हा निदर्शने झाली.

या वेळी हरले ते दुकानदार. मिडीचे ढीग पडून राहिले आणि अर्ध्या किमतीला काढावे लागले. बायकांची कपाटे विरलेल्या कपड्यांची नव्हती, त्यामुळे त्या थांबू शकत होत्या. मुख्य म्हणजे त्यांच्यापाशी आता तिसरा पर्याय होता. लांब की आखूड, या वादात पडायलाच नकार देऊन त्यांनी पॅन्ट घेतली. ज्या कचेऱ्यांनी आदल्या वर्षापर्यंत बायकांना पॅन्ट घालून येऊ दिले नव्हते, त्यांपैकी अनेकांना एकदोन वर्षांत नियम बदलावा लागला. १९४७ मध्ये ज्यांनी पाट्या धरल्या त्यांच्या मुलींच्या वयाच्या या बायका होत्या.

स्कर्ट आणि झगा त्यामुळे संपले नाहीत. १९७४ मध्ये डायन फॉन फर्स्टनबर्गने न्यूयॉर्कमध्ये मऊ जर्सी कापडाचा, अंगाभोवती गुंडाळून कमरेला बांधायचा झगा आणला. चेन नाही, बटण नाही, आत काड्या नाहीत, चढवायला कोणाची मदत नको. सकाळी कचेरीला घातलेला तोच संध्याकाळी जेवणाला चाले आणि बॅगेत गुंडाळून ठेवला तरी चुरगळत नसे. मॅकार्डेलच्या पॉपओव्हरशी त्याचे नाते उघड आहे. मार्च १९७६ मध्ये ‘न्यूजवीक’ने फर्स्टनबर्गला मुखपृष्ठावर आणले, तोवर असे दहा लाखांहून अधिक झगे विकले गेले होते. लांबी गुडघ्याच्या आसपास होती, आणि तिच्याबद्दल कोणी फारसे बोलतही नव्हते.